पान सतरा ते बत्तीस

१४ फेब्रुवारी

वहिनी,

दादाचं कार्ड काल हातात पडलं. तीन पत्ते हिंडून आलं बिचारं, अगदी माझ्यासारखं. त्यावर दादाच्या त्या मुंगीच्या पायांच्या अक्षरात एवढंच: 'मुलगी झाली. डॉक्टर काहीतरी म्हणतायत. आहेस कुठे?' आता तूच सांग, काका झालेल्या माणसाला असं कळवतात होय? चष्म्याची भिंगं घासून घासून दादाचं बोलणंही घासलं गेलंय. आणि 'काहीतरी' म्हणजे काय? कावीळ का? शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाळाला झाली होती, आठ दिवसांत गेली. आता ते रडतं तेव्हा आमच्या भिंतीवरचा आरसा हलतो.

फोन विकला मी. बुटांची गरज जास्त होती. म्हणून पत्र.

मी कुठे आहे ते ऐक. बोटी रंगवायचं काम सोडलं, रंगाच्या वासाने डोकं धरायचं. मग एका तंबूवाल्याकडे लागलो, तो एके दिवशी तंबूसकट गायब झाला. आता पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आहे. हसू नकोस. आठवीत शाळेने मला आणि मी शाळेला सोडलं, तो मी दिवसभर पुस्तकांत बसलेला असतो. छापखान्यातून हे एवढाले ताव येतात. एका तावावर सोळा पानं छापलेली, काही डोक्यावर उभी, काही पायावर. आपण तीन घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीने दाबायच्या, की पानं आपोआप ओळीने लागतात. ह्या घडीला म्हणायचं फर्मा. असे आठ-दहा फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. पण एका टेबलाला एकच फर्मा. माझ्याकडे येतो तो, तोच दोन हजार वेळा. त्यामुळे माझं वाचन मोठं गमतीचं झालंय. एका कादंबरीतल्या बाईचं ठरलेलं लग्न मी दोन हजार वेळा मोडताना पाहिलं, पण ते कुणाशी ठरलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

असो, भरकटलो. बाळ कुणासारखं आहे? नाक तुझं असू दे, दादाचं नको. आई काय म्हणते? आणि ते 'काहीतरी' काय आहे ते तू लिही, दादाकडून कळायला मी म्हातारा होईन.

तुझा,
भिंगरी

*

२६ फेब्रुवारी

भिंगरी भाऊजी,

पत्र वाचून हसले. ह्या घरात महिन्याभराने कुणीतरी हसलं, म्हणून सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावून बघून गेल्या.

नाक तिचं माझंही नाही, ह्यांचंही नाही. बसकं, गोल, मधोमध चिकटवल्यासारखं आहे, शर्टाच्या गुंडीएवढं. मी तिला गुंडी म्हणते. डोळे बाहेरच्या कोपऱ्यांना जरा वर गेलेत. तळहातावर एकच आडवी रेघ. हातापायांत जोर कमी आहे, उचललं की ओल्या टॉवेलसारखी लोंबते. दूध ओढता ओढता दमते आणि झोपते, मग मी तिच्या टाचेला टिचकी मारते, की परत चार घोट. एका पिण्याला पाऊण तास लागतो. पण पिते, हे लिहून ठेवा.

'काहीतरी' म्हणजे डाऊन सिंड्रोम. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. माणसाच्या शरीरात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, त्यातल्या एकविसाव्या जोडीत दोनच्या जागी तीन आलीत. एक जास्तीचं. मी विचारलं, जास्तीचं आहे तर काढून टाकता येणार नाही का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ते प्रत्येक पेशीत आहे, म्हणजे ती सगळी तशीच आहे. सावकाश बसेल, सावकाश चालेल, सावकाश बोलेल. पण करेल. तिचं रक्त पक्क्या तपासणीला पाठवलंय, महिना लागेल.

आई काय म्हणतात ते विचारलंत. आई म्हणतात, दोनशे पोरींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक करणारी बाई स्वतः काय खात होती ते तरी तिला विचारा. खरं सांगायचं तर उभ्या उभ्या खात होते. पाव, चहा, ताटांतलं उरलेलं. आम्हाला दिवस गेलेत हे कळलं तेव्हा सातवा आठवडा होता. त्यानंतर दवाखान्यातून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या, एक दिवस चुकवली नाही. पालेभाजी, अंडी, दूध, सांगितलं ते सगळं. पण आईंचा हिशेब त्या आधीच्या सात आठवड्यांचा आहे.

तुमचे दादा काही म्हणत नाहीत. दुकानात बसतात. काल बाळाकडे बघत होते, भिंग उजेडात धरून ओरखडा कुठे आहे ते बघतात ना, तसे. मी म्हटलं, 'अहो, घ्या ना जरा.' तर म्हणाले, 'हात तेलकट आहेत.'

भाऊजी, एक विचारते. गावाबाहेर अशा मुलांची एक संस्था आहे. आई तिचं नाव दोनदा बोलल्या. तुमचं दादांशी जमतं, ते तुमचं ऐकतात. त्यांना लिहाल का, की गुंडी घरातच वाढणार आहे म्हणून? मी सांगितलं तर ते पोरीच्या आईचं रडगाणं होतं. तुम्ही सांगितलंत तर पुरुषाचं बोलणं होईल.

वहिनी

*

९ मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. सगळं कळलं. तू असा गप्प बसू नकोस रे. तू गप्प बसलास की आई दोघांचं बोलते.

गंमत बघ, देवाने म्हण की मालकाने म्हण, नेमकं ह्याच आठवड्यात माझ्या टेबलावर काय यावं? डॉक्टरांच्या कुठल्याशा परिषदेचं पुस्तक. आणि माझा फर्मा उलगडून बघतो तर डाऊन सिंड्रोमच! आईकडची जनुकं आणि आईचा आहार. मी जेवणाची सुट्टी सोडून वाचला. अर्धं डोक्यावरून गेलं, पण अर्धं कळलं. त्यात म्हटलंय की काही बायकांच्या रक्तातच फॉलेट, म्हणजे वहिनीच्या त्या गोळ्यांतलं सत्त्व, नीट न वापरणारं एक जनुक असतं, आणि त्यात खाण्यातही ते कमी पडलं, तर असं मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. ह्याचा अर्थ कळतो का तुला? हा काही शाप नाही, नशीब नाही. खाण्यापिण्याची गोष्ट आहे! पुढच्या वेळी वहिनीने आधीपासून गोळ्या घेतल्या, नीट बसून जेवली, की झालं. मग संस्था-बिंस्था कशाला? गुंडीला घरीच ठेव. हिच्या पाठीवर दुसरं धडधाकट येईल, ते हिला सांभाळेल.

एक ताव खराब निघाला होता, शाई पसरलेली. तो घडी घालून सोबत पाठवतोय. महत्त्वाच्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली आहे, पान तेवीस. मला म्हणतात ना वाया गेलेला? हे बघ, तुझ्या भावाने शोध लावला.

वहिनीला वाचून दाखव. तिला बरं वाटेल.

भिंगरी

*

३० मार्च

भाऊजी,

दाखवला वाचून. रविवारी, जेवताना, आई, मी आणि ह्यांची आत्या समोर असताना. ह्यांचा आवाज मला माहीत नव्हता एवढा खणखणीत आहे. भिंगाचा नंबर सांगतात तसं एकेक शब्द तोडून वाचलं: 'ज्या मातांमध्ये हे जनुक आढळले व ज्यांच्या आहारात फॉलेटची कमतरता होती, त्यांच्यात.' पुढे वाचलंच नाही. ताव घडी घालून ताटाशेजारी ठेवला आणि भात कालवायला लागले.

आत्या म्हणाल्या, 'छापलंय?'

हे म्हणाले, 'छापलंय.'

'मग झालं तर.'

 आईंनी माझ्या ताटात पालेभाजीचा डाव घातला. मला नको असताना. मग आणखी एक. सगळे बघत होते. मी खाल्ली, भाऊजी.

तांबडी रेघ तुमची ना? सरळ आली आहे. शाळेत असताना एवढी सरळ मारली असतीत तर पास झाला असतात.

आता रिपोर्टचं. पंचवीस तारखेला आला. मी ह्यांना मुद्दाम बरोबर नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधा प्रकार आहे, बहुतेक मुलांत असतो तोच, आईवडिलांकडून वारशाने आलेला नाही. आईच्या शरीरात बीज तयार होताना जोडी सुटायची ती सुटली नाही. का सुटली नाही, ते कुणालाही सांगता येत नाही. वय वाढलं की प्रमाण वाढतं, पण मी सत्तावीसची. ह्यांनी खिशातून तुमचा ताव काढला. बाईंनी वरवर बघितला आणि म्हणाल्या, 'असे अभ्यास चालू असतात. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. आहार चांगला असावा, गोळ्या घ्याव्यात, पण ह्यावरून तुमच्या बायकोचं काही ठरत नाही. चूक कुणाचीही नाही.'

हे म्हणाले, 'माझं रक्त तपासा.'

'गरज नाही.'

'पण मला कागद पाहिजे.'

'कशाचा?'

ह्यांनी ताव घडी घालून परत खिशात ठेवला. मला तेव्हा कळलं नाही. आता कळतंय.

जाताना बाईंनी मला एक सांगितलं, ते ऐका. म्हणाल्या, बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच घडायला लागतात. म्हणजे गुंडी ज्या बीजापासून झाली, ते माझ्या आईच्या पोटात सुरू झालं. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं बिचारीने. मी घरी येऊन वेड्यासारखी सांगत बसले. तर आई काय म्हणाव्यात? 'म्हणजे माहेराहूनच घेऊन आली!' माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिने काय खाल्लं होतं हे विचारायला आता माणूस पाठवा म्हणावं.

मी तुम्हाला एक गोष्ट मागितली होती. एक ओळ. 'गुंडी घरातच वाढेल.' तुम्ही ती लिहिलीत, हे खरं. आत्ता ह्यांच्या टेबलावर तुमचं पत्र पाहिलं. पण त्यावर जे लादलंत, त्याखाली ती ओळ कुठे दबली ते तुम्हालाच शोधून सापडणार नाही. आणि ते 'पाठीवर दुसरं धडधाकट'! माझी मुलगी काय खराब ताव आहे?

ह्यांनी संस्थेचा फॉर्म आणून ठेवलाय.

वहिनी

*

८ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र जिन्यावर वाचलं आणि जिन्यावरच बसलो. वरच्या मजल्यावरचा कर्णा वाजवणारा उतरायला आला, मी बाजूला होईना, तर तो माझ्या डोक्यावरून ओलांडून गेला. हे का सांगतोय तुला? दुसरं काय सांगू ते सुचत नाही म्हणून.

मी गाढव आहे. हे तुला नवीन नाही, पण ऐक तरी. आमच्याकडे शिलाईच्या टेबलावर एक मावशी बसतात. सगळे फर्मे एकत्र येतात ते त्यांच्याकडे, त्यांनी वीस वर्षं पुस्तकं शिवली आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, 'तुझा फर्मा कितवा?'

'दुसरा. पान सतरा ते बत्तीस.'

'आणि तिसरा वाचलास?'

'तो माझ्या टेबलाला नव्हता.'

'अरे लेका,' म्हणाल्या, 'सोळा पानांवर तू एका बाईचा संसार घडी घालून पाठवलास?'

वहिनी, माझ्या पान बत्तीसवर वाक्य संपतच नव्हतं. 'तथापि' असं आहे आणि पान संपलंय. मी तो शब्द दोन हजार वेळा हाडाच्या पट्टीखाली दाबलाय. मला वाटलं, 'तथापि' म्हणजे 'वगैरे'.

पुस्तकं निघून गेली होती. मालकाच्या कपाटात नमुन्याची प्रत असते, ती मावशींनी माझ्यासाठी मागून आणली, मला कोण देणार? पान तेहतीस तुझ्यासाठी उतरवून काढलं. अक्षर सांभाळून घे:

'तथापि, हा नमुना लहान आहे. इतर ठिकाणी झालेल्या अभ्यासांत असा संबंध नेहमी आढळला नाही. हे जनुक निरोगी मुलांच्या मातांमध्येही मोठ्या प्रमाणावर आढळते. आहाराची माहिती मातांच्या आठवणीवरून घेतली असल्याने ती अचूक मानता येत नाही. प्रमाण अधिक दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. या निष्कर्षांवरून कोणत्याही एका मातेला जबाबदार धरणे शास्त्राला धरून होणार नाही.'

आठवणीवरून, बघितलंस? म्हणजे त्या बायांनाही कुणीतरी समोर बसवून विचारलं असणार, तुम्ही काय खाल्लं होतं म्हणून. आणि त्यांनी तुझ्यासारखंच आठवून आठवून सांगितलं असणार, पाव, चहा, उभ्या उभ्या. जिचं मूल धडधाकट आहे ती बाई कशाला एवढं आठवत बसेल?

हे दादाला दाखव. नको, तू नको दाखवू. मीच पाठवतो. थोडा थांब, मी मालकाकडून प्रतच मागून घेतो, छापलेलं पाहिजे ना त्याला.

गुंडी खराब ताव नाही. ते मी तसं लिहिलं नव्हतं. तसं लिहिलं होतं, माफ कर.

भिंगरी

*

२ मे

भिंगरी,

तुझी वहिनी सतरा एप्रिलला मुलीला घेऊन वसतिगृहात राहायला गेली. स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली आहे, तिथे. मी आणायला गेलो होतो. म्हणाली, आधी तो फॉर्म फाडा. मी म्हटलं, आधी घरी चल. त्यावर दोनशे पोरी खिडक्यांतून बघायला लागल्या, मी परत आलो.

वकिलाशी बोललो. बाप म्हणून मुलीला कुठे ठेवायचं हे ठरवण्याचा माझा हक्क आहे. पण तो म्हणतो, ताणू नका, समजुतीने मोकळे व्हा. मलाही तेच बरं वाटतं. मी चौतीसचा आहे. उद्या कुठे दुसऱ्या लग्नाची बोलणी झाली तर पहिला प्रश्न काय विचारतील ते तुला कळत नसेल, मला कळतं. पहिलं मूल असं का? त्याचं उत्तर माझ्याकडे लेखी पाहिजे. मी डॉक्टरकडे मागितलं, तिने दिलं नाही.

तू पाठवलेला ताव हाताळून हाताळून घडीवर फाटला, नेमका तेवीस पानावर. एक चांगला ताव पाठव. तुझ्या मालकाचा शिक्का मिळाला तर उत्तम. आणि गरज पडली तर दोन दिवस ये आणि सांग की हे खऱ्या डॉक्टरी पुस्तकातलं आहे.

मी वाईट माणूस नाही. मी सबंध आयुष्य दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून घालवलं. माझ्यात काही खोट नाही एवढंच मला कागदावर पाहिजे. ह्यात जास्त काय मागतोय?

आईची तब्येत बरी आहे.

दादा

*

१० मे

दादा,

ताव पाठवत नाही. पुस्तक पाठवतोय, अख्खं, शिवलेलं, पुठ्ठ्याचं. मालकाने दिलं नाही, मी उचललं. आज ना उद्या नोकरी जाईल, जाऊ दे, तशीही खळीच्या वासाने भूक मरते.

पान तेहतीसला दोरा घातला आहे. वाच. मोठ्याने वाच, जेवताना वाच, आत्याला बोलाव. तेवीस जेवढं खणखणीत वाचलंस तेवढंच खणखणीत तेहतीस वाच. तेही छापलेलंच आहे, त्याच शाईत, त्याच छापखान्यात. मला साक्षीला बोलावलंस तर मी येईन आणि दोन्ही पानं सांगेन, लक्षात ठेव.

चूक माझी. मी अर्धवट आहे आणि अर्धवट वाचलं. पण दादा, तू अर्धवट नाहीस ना? तुझ्याकडे एखादं गिऱ्हाईक फक्त एकाच डोळ्याचा नंबर घेऊन आलं तर तू त्याला चष्मा करून देतोस का? 'दुसरा डोळा तपासून या' म्हणून परत पाठवतोस. मी बघितलंय. लहानपणी तुझ्या टेबलाखाली बसून मी तेच बघत मोठा झालो. मग इथे काय झालं तुला? डॉक्टरीण तोंडावर सांगते चूक कुणाची नाही, आणि तू माझ्यासारख्या आठवी नापासाची तांबडी रेघ धरून बसतोस? सगळ्या जन्मात माझं एक ऐकलंस, आणि ते हे.

खोट तुझ्यात नाही. वहिनीत नाही. कुणात नाही. तुला एवढ्याने का भागत नाही? 'कुणात नाही' मध्ये तूही येतोसच की.

गुंडीला एकदा हातात घे. हात धुऊन घे पाहिजे तर.

भिंगरी

*

२१ जून

भाऊजी,

तुमची नोकरी गेली असं मावशींनी कळवलं. हो, त्या शिलाईवाल्या. कारखान्याच्या पत्त्यावर मी दोन ओळी टाकल्या होत्या, ते पाकीट त्यांनी उघडलं, रागावू नका. नवा पत्ता त्यांनीच दिला. विटांच्या भट्टीवर आहात म्हणे. जपा.

तुमच्या एप्रिलच्या पत्राला नीट उत्तर दिलं नव्हतं. तेहतिसावं पान मी वाचलं, वीस वेळा वाचलं. बरोबर आहे, सगळं पटतं. पण तेविसावं मी आधी वाचलं होतं, भाऊजी. त्याला माझा इलाज नाही आणि तुमचाही नाही. अजून डाळीच्या पातेल्यापुढे उभी राहून घास तोंडात टाकते आणि थांबते. मग स्टूल ओढून बसते. वसतिगृहातल्या मुली हसतात, ताई आता साहेबांसारख्या बसून जेवतात म्हणून.

गुंडी मान धरते. पाच महिन्यांनी, पण धरते. पोरी तिला आळीपाळीने घेतात, परीक्षेच्या दिवसांत तर तिला शकुनाची म्हणून वर्गाच्या दारापर्यंत नेतात. रेक्टरबाईंनी खोलीत पंखा बसवून दिला. आमचं चाललंय.

आता जे झालं ते मी तुम्हालाच सांगणार, कारण बाकी कुणाला कळणार नाही.

गेल्या सोमवारी तुमचे दादा वकिलाला घेऊन आले. करार तयार होता. मुलीवर त्यांचा कसलाही हक्क राहणार नाही, ती कायमची माझी, संस्थेचा विषय बंद. मी म्हटलं, द्या, सही करते. वकील म्हणाला, तिसरं कलम वाचून घ्या. तिसऱ्या कलमात होतं की मुलीतील व्यंग मातेकडील आनुवंशिक दोष व गरोदरपणातील अपुऱ्या आहारामुळे उद्भवले, हे पत्नीस मान्य आहे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मांडीवरच्या पिशवीकडे बघत होते. पिशवीतून तुमचं पुस्तक दिसत होतं, तुम्ही दोरा घालून पाठवल्याचं मावशींनी लिहिलं होतं ते. पुठ्ठ्याचं, नवं. दोरा तेहतिसाव्या पानावर नव्हता, भाऊजी. खूप पुढे होता, जवळजवळ शेवटाला. म्हणजे त्यांनी सगळं वाचलं होतं. भिंगवाला माणूस, एक ओळ सोडली नसेल.

तेव्हाच मला कळलं की त्यांना माझी सही का पाहिजे. पुस्तकातून त्यांच्या हाती काही राहिलं नव्हतं. आता माझ्या तोंडूनच ते पाहिजे होतं.

मला एक वाक्य बोलता आलं असतं. 'तेहतीस वाचलंत ना?' एवढंच. तुमचा उतारा माझ्या पेटीत होता, चार पावलांवर. पण मी ते बोलले असते तर हे ओशाळले असते, आणि ओशाळलेला माणूस कागद गुंडाळून उठतो. मग परत वकील, परत बापाचा हक्क, परत तो फॉर्म. मी तोंड मिटून घेतलं. तुमचं खरं पान मी पेटीत ठेवलं आणि तुमच्या खोट्या पानावर सही केली. त्यांना माहीत होतं की ते खोटं आहे. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. वकिलाला तेवढं माहीत नव्हतं, तो म्हणाला, 'चला, समजुतीने झालं.'

म्हणून सांगते, आता माझ्या बाजूने कुणाशी भांडू नका. आईंना लिहू नका, आत्यांना लिहू नका. कुठे बोलणी चालू आहेत म्हणतात. तिथे जाऊन खरं सांगायची हुक्की तुम्हाला येईल, मला तुमचा स्वभाव माहीत आहे. येऊ देऊ नका. ती सही मोडली तर गुंडी मोडेल. तुम्हाला मी माफ केलं का, असं तुम्ही मावशींना विचारलंत म्हणे. ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरलं की कळवीन. तोवर पत्र लिहीत जा, पण त्यात काही छापलेलं घालून पाठवू नका.

सही करताना गुंडी माझ्या खांद्यावर होती. जीभ जरा बाहेर असते तिची, लाळ फार गळते. मी वाकले तशी टपकन कागदावर पडली, बरोबर माझ्या नावाशेजारी. ह्यांनी खिशातून रुमाल काढला. स्वच्छ, इस्त्रीचा, दुकानात भिंगं पुसायला वापरतात तो. आणि हात पुढे केला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्या दिशेने हात आला होता. मला वाटलं, तोंड पुसतायत तिचं. मी खांदा जरा पुढेही केला.

त्यांनी कागद पुसला.

गुंडीची आई